दोन पेन्सिल सेलचा कॅमेरा

भाचीने एक लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "अगं मावशी, हा घेऊ का? साडेतीन हजारात ४८ मेगापिक्सेल, फोर-के व्हिडिओ आणि १६ एक्स झूम! माझ्या मैत्रिणीने असलाच मागवलाय." ती पुण्यात कॉलेजला आहे आणि तिच्या ग्रुपमध्ये सध्या सगळ्यांना छोटे डिजिटल कॅमेरे हवेत, डिजिकॅम म्हणतात त्याला. मी लिंक उघडली, खालपर्यंत सगळं वाचलं आणि तिला सरळ फोनच लावला, कारण हे मेसेजमध्ये टाइप करून सांगण्यासारखं नव्हतं. दीड-दोन लाखाचा कॅमेरा घेणाऱ्याला सल्ला द्यायला कितीतरी लोक बसलेले असतात, त्याचे व्हिडिओ असतात, तुलना असतात, कोपऱ्यातला कोपरा मोठा करून दाखवलेला असतो. साडेतीन हजारवाल्याला कुणी विचारत नाही, आणि खरं तर पैसे वाया गेले तर जास्त लागतं ते त्यालाच. म्हणून स्वस्त कॅमेऱ्याची किंमत नीट कशी करायची यावर सविस्तर लिहायचं खूप दिवस मनात होतं.

आधी त्या लिंकबद्दल. असले खूप डबे ऑनलाइन मिळतात, नावं कधी न ऐकलेली, पण आत बहुतेक एकच मामला. ४८ मेगापिक्सेल हा आकडा फोटोची फाइल किती मोठी बनते त्याचा असतो, सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप, तेवढे ठिपके बघतो म्हणून नाही. आतला सेन्सर बराच कमी बघतो आणि मग मधल्या जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढतं, म्हणजे फाइल फुगते पण माहिती तेवढीच राहते. १६ एक्स झूम म्हणजे डिजिटल झूम, फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करून दाखवायचा, जे घरी आल्यावर कुठल्याही फोनवर करता येतं. बऱ्याच डब्यांची लेन्स पुढे-मागे होतच नाही, फोकस एका जागी कायमचा बसवलेला, म्हणजे जवळचं फूल पण तसंच आणि लांबचा डोंगर पण तसाच, दोन्ही थोडे धूसर. फ्लॅश म्हणून एक एलईडी दिवा. मी तिला म्हटलं, बाळा, त्या पानावर "ऑप्टिकल झूम" हे दोन शब्द शोध, म्हणजे लेन्स पुढे-मागे होऊन होणारा खरा झूम. नव्हते. सेन्सरचा आकार शोध. नव्हता. फ्लॅश झेनॉन, म्हणजे एका झटक्यात लखकन चमकणारा, आहे असं कुठे लिहिलंय का बघ. तेही नव्हतं. "मग त्यात आहे काय गं?" ती म्हणाली. म्हटलं, एखाद्या जुन्या फोनमध्ये असतं तेवढं, आणि ते तुझ्या खिशात आधीपासून आहे.

सगळेच नवे स्वस्त कॅमेरे असे नसतात, हेही सांगायला पाहिजे. कोडॅकच्या नावाने पिक्सप्रो म्हणून कॅमेरे येतात, त्यातला एफझेड४५ म्हणजे १६ मेगापिक्सेल, ४ पट खरा झूम आणि चालतो दोन पेन्सिल सेलवर. तो कोडॅक कंपनी बनवत नाही, नाव वापरायचं लायसन्स घेऊन जेके इमेजिंग नावाची कंपनी विकते. मूळ कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्याच महिन्यात डिजिटल कॅमेरे बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि याच कोडॅकमध्ये १९७५ साली स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला होता, ०.०१ मेगापिक्सेलचा, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. तर नाव बघून घेऊ नका आणि नाव बघून सोडूही नका. लेन्स बघा.

मेगापिक्सेलचं गणित एकदा समजलं की माणूस आयुष्यभर फसत नाही, म्हणून थोडं सांगते. आपण अल्बममध्ये लावतो तो फोटो चार बाय सहा इंचाचा. चांगल्या प्रिंटला एका इंचात ३०० ठिपके धरतात. म्हणजे १२०० गुणिले १८००, झाले २१ लाख ६० हजार ठिपके, आणि दहा लाख ठिपक्यांचा एक मेगापिक्सेल, म्हणजे साधारण २ मेगापिक्सेल. बस एवढेच. आठ बाय दहाच्या मोठ्या फोटोला साधारण ७ मेगापिक्सेल लागतात. आणि फुल एचडी टीव्हीवर बघायचे असतील तर १९२० गुणिले १०८०, परत दोनच्या आसपास. म्हणजे २००९-१० सालचा १० मेगापिक्सेलचा साधा कॅमेरासुद्धा घरगुती कामाला पुरून उरतो, फक्त ते १० मेगापिक्सेल खरे पाहिजेत आणि समोर उजेड पाहिजे.

या उजेडातच सगळा खेळ आहे. छोट्या कॅमेऱ्यांत बहुतेक ठिकाणी जो सेन्सर असतो त्याला १/२.३ इंची म्हणतात, पण प्रत्यक्षात तो सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असतो, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. लग्नात फोटोग्राफरच्या हातात जो फुल फ्रेम कॅमेरा असतो त्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळात तीसपट. भर उन्हात दोघांमधला फरक अल्बममध्ये दिसत नाही. संध्याकाळी घरात ट्यूबलाइटखाली मात्र लगेच दिसतो, छोट्या कॅमेऱ्याचा फोटो दाणेदार होतो, रंग मातकट होतात, केसांची लापशी होते. हे त्या कॅमेऱ्याचं वागणं आहे आणि ते आधी माहीत असलं की माणूस खिडकीजवळ उभं राहायला सांगतो.

मला हे सगळं शिकवलं ते एका कॅमेऱ्याने, आमच्या तात्यांच्या. तात्या म्हणजे माझे वडील, पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, कोयनेच्या खोऱ्यात, जिथे पाऊस सुरू झाला की वर्गात दुपारी सुद्धा अंधार असतो. सहावा वेतन आयोग लागू झाला, पगार वाढला आणि तात्यांनी कॅनन पॉवरशॉट ए४८० घेतला, सहा हजाराच्या आसपास बसला होता. २००९ सालचं मॉडेल, १० मेगापिक्सेल, ३.३ पट झूम, मागे अडीच इंची स्क्रीन, दोन पेन्सिल सेल. हात हलला तर सावरणारी ती स्टॅबिलायझेशनची सोय त्यात नव्हती, व्हिडिओ ६४० बाय ४८०. त्या वेळच्या कंपनीच्या यादीत हा अगदी तळाचा कॅमेरा.

आई म्हणाली, "अहो, एवढे पैसे घालून फोटोच काढायचेत ना, मग फोटोवाला काय वाईट होता?" आणि तिचं चुकीचं नव्हतं. तोपर्यंत शाळेचे फोटो म्हणजे १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि गॅदरिंग. पाटणहून फोटोवाला बोलवायचा, त्याच्याकडे ३६ फोटोंचा रोल, एकेक फोटो मोजून, मुलं रांगेत, गुरुजी खुर्चीवर, पाहुणे मधोमध. रोल संपेपर्यंत धुवायला जायचा नाही, मग आठवड्याने प्रिंट, त्यातही दोन-चार डोळे मिटलेले. साहजिकच अशा रोलवर कुणी रोजचा दिवस काढत नाही. खिचडी शिजतानाचा, मुलं ओढ्यावरून दप्तर डोक्यावर घेऊन येतानाचा, गळक्या छपराखाली बादली ठेवल्याचा फोटो कोण काढणार? प्रत्येक क्लिकला पैसे पडतात म्हटल्यावर माणूस सणच काढतो.

कॅमेरा आल्यावर पहिल्यांदा बदललं ते हेच. तात्यांनी तो घेतला होता अहवालासाठी, कारण तेव्हा प्रत्येक उपक्रमाचा अहवाल फोटोसकट मागायला सुरुवात झाली होती, वृक्षारोपण झालं फोटो लावा, प्रभातफेरी झाली फोटो लावा, शालेय पोषण आहार फोटो लावा. केंद्रप्रमुख येऊन फाइल बघायचे. पण एकदा कार्ड टाकलं आणि क्लिकला पैसे पडत नाहीत हे अंगवळणी पडलं, की तात्या अहवालाच्या पलीकडचे फोटो काढायला लागले. बाकाखाली झोपलेला पहिलीतला पोरगा. फळ्यावर कुणीतरी काढलेलं बैलाचं चित्र, पुसायच्या आधी. पावसात वाहून गेलेली शाळेची वाट, आणि मग ती वाट दुरुस्त करणारे पालक.

आता कॅमेरा म्हणून तो कसा होता? हळू होता. बटण दाबलं की फोकस करायला वेळ, मग क्लिक, तेवढ्यात पोरगं फ्रेमच्या बाहेर. सुरुवातीचे कबड्डीचे फोटो म्हणजे नुसती धूळ आणि पाय. मग तात्यांनी पुस्तिका वाचून शोधून काढलं की बटण अर्धं दाबून धरायचं, पिंप आवाज येतो, हिरवा चौकोन येतो, आता फोकस झालेला आहे, असंच धरून ठेवायचं आणि चढाई करणारा रेषेवर आला की पूर्ण दाबायचं. हे अर्धं दाबणं ज्याला माहीत नाही तो प्रत्येक स्वस्त कॅमेऱ्याला नावं ठेवतो, आणि ज्याला जमतं त्याला त्याच कॅमेऱ्यात कबड्डी मिळते. माझं ठाम मत आहे की कॅमेरा घेतल्यावर पहिल्या दिवशी दुसरं काहीच शिकू नये, फक्त हे शिकावं.

अंधाऱ्या वर्गात त्याचा फ्लॅश कामाला यायचा. असल्या खऱ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश झेनॉनचा असतो, एका कॅपेसिटरमध्ये वीज साठवून एका झटक्यात सोडतात आणि तो झटका सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो, त्यामुळे हलणारं मूल जागच्या जागी गोठतं. फोनच्या एलईडीला हे जमत नाही, तो नुसता पेटून राहतो. अर्थात या छोट्या फ्लॅशचा पल्ला तीनेक मीटर, मागची भिंत काळी पडते, पुढचा चेहरा पांढरा, डोळे कधी लाल. पण लोडशेडिंगच्या काळात, बाहेर पाऊस, आत वीज नाही, अशा वर्गात तो फोटो एक तर असा निघणार होता नाहीतर निघणारच नव्हता. स्वस्त कॅमेऱ्याची किंमत करताना लोक त्याच्या फोटोशेजारी महाग कॅमेऱ्याचा फोटो ठेवतात. ही तुलना करायला माझी हरकत नाही, पण ती दुकानातली तुलना आहे. त्या शाळेत महाग कॅमेरा कधीच येणार नव्हता. तिथे ए४८०च्या फोटोशेजारी ठेवायला दुसरा फोटोच नाही.

हे मला पटलं ते शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशींमुळे. खिचडी शिजवायच्या, मुलांना पोटच्या पोरांसारखं वाढायच्या, शेवटी उरलेली खरवड कुणाला द्यायची हे त्यांचं ठरलेलं असायचं. तात्यांनी त्यांचा फोटो अहवालासाठी काढला होता, पातेल्यासमोर, डावीकडच्या दारातून उजेड येतोय, त्या कुणाला तरी काहीतरी सांगत हसतायत. मावशी गेल्या, त्यानंतर त्यांचा मुलगा तात्यांकडे आला. म्हणाला, गुरुजी, आईचा फोटो आधार कार्डावरचा सोडला तर एकही नाही, आणि तो भिंतीला लावण्यासारखा नाही. लग्नातला होता तो पुतण्याकडे पाण्याने गेला. तात्यांनी वर्षवार सीड्या करून ठेवल्या होत्या, त्यातून तो शोधला. फाइल ३६४८ बाय २७३६ ठिपक्यांची. कराडच्या स्टुडिओत आठ बाय बाराची प्रिंट काढली, बारा इंचाला ३६४८ म्हणजे इंचाला ३०४ ठिपके, जेवढे पाहिजेत तेवढे. फक्त वरचं छप्पर थोडं कापलं गेलं कारण या कॅमेऱ्यांचा फोटो जरा चौकोनी असतो आणि बाराची फ्रेम लांबट. दाणे? असतील. त्या घरात कुणालाच दिसले नाहीत, मलाही नाही.

कंपनीच्या यादीत तळाच्या असलेल्या एका कॅमेऱ्याकडून याहून जास्त काय मागायचं?

टिकण्याबद्दलही बोलायला हवं, कारण स्वस्त वस्तू विकत घेताना लोक विचारतात "टिकेल का" आणि कॅमेऱ्याच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा बॅटरीत असतं. त्याच काळातले चपटे, देखणे, धातूच्या बॉडीचे कॅमेरे होते, ए४८०पेक्षा दुप्पट किमतीचे, त्यांची बॅटरी कंपनीची खास. आज त्या बॅटऱ्या फुगल्या, नव्या मिळाल्या तर कुठल्यातरी नक्कल केलेल्या, चार्जर हरवलेला. कॅमेरा आतून धडधाकट आणि तरी उपयोग शून्य. पेन्सिल सेल मात्र पाटणच्या स्टँडवरच्या टपरीत पण मिळतो आणि अजून तीस वर्षांनी पण मिळेल. साधे अल्कलाइन सेल अशा कॅमेऱ्यात लवकर मान टाकतात, फ्लॅश चार्ज करायला एकदम खूप करंट लागतो तो त्यांना झेपत नाही. चार्जिंगवाले निकेल मेटल हायड्राइडचे सेल घ्यावेत, त्यातही स्वतःहून न उतरणारे, सॅन्योने एनेलूप नावाने २००५ साली आणले तसले. चार सेल घ्या, दोन कॅमेऱ्यात, दोन खिशात. आणि कॅमेरा महिनाभर वापरणार नसाल तर सेल बाहेर काढून ठेवा, नाहीतर ते गळतात आणि आतले पितळी पट्टे हिरवे-पांढरे होतात.

दमट हवा हा आपल्याकडचा खरा शत्रू. कोकणात आणि कोयनेच्या बाजूला लेन्सच्या आत बुरशी धरते, बारीक कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते. तात्यांनी कॅमेरा झाकणाच्या डब्यात ठेवला, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. आणि जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सोनीने बनवलेल्या सीसीडी जातीच्या काही सेन्सरमध्ये २००५ साली दोष निघाला होता, गरम आणि दमट हवेत आतली बारीक वायर सुटायची आणि फोटो जांभळा, रेघारेघांचा किंवा सरळ काळा यायचा. ते सेन्सर सोनीच्याच नाही तर कॅनन, निकॉन, फुजी अशा बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत होते, तेव्हा कंपन्यांनी फुकट बदलूनही दिले. पण आज कुणी बदलून देणार नाही. म्हणून २००२ ते २००४च्या आसपासचा एखादा कॅमेरा कितीही गोंडस दिसला तरी मी तो घ्यायला सांगत नाही, निदान आपल्या हवेत तरी नाही.

भाचीसाठी मग जुनाच घ्यायचं ठरलं. मुंबईत असती तर फोर्टला बोरा बाजारात नेलं असतं, कॅमेऱ्यांची दुकानं एका ओळीत आहेत. पुण्यात आम्ही मंगळवार पेठेतला जुना बाजार पण फिरलो, बुधवारी आणि रविवारी भरतो तो, आणि शेवटी ओळखीतून एक कॅनन मिळाला, पेन्सिल सेलवरचाच, भाव दोन हजाराच्या आत. बाजारात जाताना आपले चार्ज केलेले सेल आणि आपलं कार्ड घेऊन जायचं, आणि कार्ड दोन जीबीचं छोटं पण ठेवायचं कारण फार जुने कॅमेरे मोठं कार्ड ओळखत नाहीत, त्यांच्या वेळी एसडीएचसी, म्हणजे दोन जीबीहून मोठं कार्ड, आलंच नव्हतं, ते २००६ सालचं. कॅमेरा सुरू करायचा आणि कान देऊन ऐकायचं, लेन्स सरळ बाहेर यायला पाहिजे, करकर आवाज झाला किंवा मधेच थांबून "लेन्स एरर" आलं तर सरळ परत द्यायचा, दुरुस्तीला कॅमेऱ्यापेक्षा जास्त पैसे जातात. मग झूम पूर्ण करून आकाशाचा फोटो, नाहीतर पांढऱ्या भिंतीचा, आणि स्क्रीनवर मोठा करून बघायचा, आत धूळ गेली असेल तर राखाडी डाग दिसतात. लेन्सवर हात ठेवून एक काळा फोटो, त्यात लाल-निळे ठिपके चमकत असतील तर ते पिक्सेल बिघडलेत. फ्लॅश दोनतीनदा उडवायचा. सेलचं दार नीट लागतं का बघायचं, या कॅमेऱ्यांची खुंटी तुटते आणि मग लोक रबर लावून वापरतात. कार्ड कुठलं लागतं ते तर आधीच विचारायचं, जुन्या ऑलिम्पस आणि फुजीत एक्सडी कार्ड, जुन्या सोनीत मेमरी स्टिक, ती आता शोधत बसावी लागतात आणि कार्डच कॅमेऱ्यापेक्षा महाग पडतं. विकणारे काका चांगले होते, म्हणाले, "ताई, इतकं बघून कोणी घेत नाही, पोरं फक्त रंग बघतात."

भाचीने विचारलं, "पण मावशी, सीसीडी पाहिजे ना? सगळे म्हणतात सीसीडीचे कलर वेगळे असतात." सीसीडी बेल लॅब्जमध्ये १९६९ साली विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधला आणि त्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं २००९ मध्ये, ज्या वर्षी तात्यांच्या मॉडेलचा कॅमेरा बाजारात आला त्याच वर्षी, मला या योगायोगाचं फार अप्रूप आहे. पण तो "लुक" म्हणतात ना, तो माझ्या मते सेन्सरच्या जातीमुळे फारसा नाही. समोरून मारलेला कडक फ्लॅश, उजेडातलं पांढरं होऊन जाणं, त्या वेळच्या कंपनीने भरलेले जरा गडद रंग, आणि चेहरा गुळगुळीत करणारं कुठलंही सॉफ्टवेअर मधे नसणं, या सगळ्यांचा मिळून तो लुक होतो. त्यामुळे सीसीडी लिहिलंय म्हणून हजार रुपये जास्त मागितले तर देऊ नयेत.

नवे चांगले स्वस्त कॅमेरे का मिळत नाहीत हाही प्रश्न आहेच. २०१० साली जपानी कंपन्यांनी मिळून जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे पाठवले, त्यातले दहा कोटींहून जास्त हेच छोटे कॅमेरे. २०२३ साली छोटे कॅमेरे सतरा लाखांच्या आसपास उरले. फोनने खालचा सगळा बाजार खाल्ला, मग कंपन्यांनी विचार केला की उरलेत ते हौशी लोक, त्यांना महागच विकू. सोनीचा डब्ल्यू८०० हा २०१४चा कॅमेरा, २० मेगापिक्सेल, ५ पट झूम, अशा पाच-सहा हजारवाल्यांच्या शेवटच्या पिढीतला. त्यानंतर त्या किमतीची जागा रिकामी झाली आणि त्या रिकाम्या जागेत ते ४८ मेगापिक्सेलवाले डबे येऊन बसले. मागणी होती, पुरवणारं कुणी नव्हतं, म्हणून ते खपतात.

फोनपुढे छोटा कॅमेरा हरतो हे मला मान्य आहे, आणि बहुतेक बाबतीत चांगलाच हरतो. फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो काढून एकावर एक बसवतो, अंधारातून उजेड काढतो, आकाश आणि चेहरा दोन्ही सांभाळतो. ज्याच्याकडे बरा फोन आहे आणि त्याला फक्त चांगला फोटो हवाय त्याने कॅमेऱ्यावर पैसे घालू नयेत, मी असंच सांगते. तरी काही गोष्टी उरतात. खरा झूम उरतो, गॅदरिंगला मागच्या रांगेतून स्टेजवरचं आपलं मूल काढायचं असेल तेव्हा. झेनॉन फ्लॅश उरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देता येतो. फोन कुणी कुणाच्या हातात देत नाही, त्यात बँक आहे, मेसेज आहेत, सगळं घर आहे. तात्या तो कॅमेरा चौथीच्या मुलांच्या हातात द्यायचे, सहलीला, दोरी मनगटात अडकवून, "जा, तुला दिसेल ते काढ." त्या मुलांनी काढलेले फोटो आमच्याकडे आहेत. गुडघ्याच्या उंचीवरून काढलेली सज्जनगडाची पायरी, गुरुजींची पाठ, एकमेकांचे उघडे दात, एसटीच्या खिडकीतून मागे पळणारी झाडं. मोठ्या माणसाने असा एकही फोटो काढला नसता.

आता शाळांत काय होतं बघा. शिक्षक स्वतःच्या फोनवर फोटो काढतात, अहवालासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, तिथे फोटो लहान होतो, तोच पुढे जातो, तोच छापला जातो. मूळ फोटो त्या सरांच्या किंवा मॅडमच्या फोनमध्ये, घरच्या वाढदिवसांच्या आणि गुड मॉर्निंगच्या गर्दीत. मग बदली होते. फोन भरला की जुने फोटो उडवले जातात, फोन बदलला की राहिलेलेही जातात. यात शिक्षकांचा काहीच दोष नाही, स्वतःचा फोन, स्वतःचा डेटा, स्वतःचा वेळ घालून ते शाळेचं काम करतात. पण शाळेकडे स्वतःचं म्हणून काही उरत नाही. तात्यांच्या बदल्या झाल्या तेव्हा प्रत्येक शाळेच्या कपाटात ते त्या शाळेच्या सीड्यांचा एक संच ठेवून आले, वर्ष टाकून, सूची करून, आणि एक घरी.

मला वाटतं प्रत्येक शाळेच्या कपाटात एक कॅमेरा असावा, शाळेच्या नावाचा, डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या वस्तूंच्या वहीत, नोंद असलेला. पेन्सिल सेलवर चालणारा, खरा झूम असलेला, दहा मेगापिक्सेलचा पुरे. सोबत चार चार्जिंगचे सेल, दोन कार्ड आणि एक हार्ड डिस्क. जुना घेतला आणि नीट तपासून घेतला तर सगळं मिळून सहा-सात हजारात बसतं, त्यात अर्ध्याहून जास्त पैसे हार्ड डिस्कचे, आणि ते तसेच असायला पाहिजेत. माजी विद्यार्थी शाळेला काहीतरी द्यायचं म्हणून घड्याळं देतात, भिंतीवर आधीच तीन-तीन लटकत असतात. आमच्या गावच्या शाळेसाठी मी आणि भाची मिळून एक संच जुळवतोय, कॅमेरा अजून बघतोय, सेल आणि डबा घेऊन झालाय. तुमच्या घरात कपाटात असा एखादा पडून असेल तर आधी त्याचं सेलचं दार उघडून बघा, पट्टे स्वच्छ असतील तर तो बहुतेक अजून चालतो.